गावाजवळचे महाविद्यालय आणि हुशार विद्यार्थी



उरण तालुक्यात, करंजाच्या बाजूला, द्रोणागिरी नावाचा एक डोंगर आहे. डोंगर म्हणायचा तो आपल्या किनाऱ्याच्या मानाने. घाटावरची माणसे त्याला टेकडीच म्हणतील. माथ्यावर जुन्या किल्ल्याचे पडके बांधकाम आहे, पायथ्याच्या बाजूला कोळीवाडे आहेत, आणि आमच्याकडची म्हातारी माणसे त्याची एक कथा सांगतात. लक्ष्मणाला शक्ती लागली तेव्हा मारुतीराय संजीवनी आणायला गेले. पण एवढ्या झाडपाल्यातून नेमकी ती मुळी कोणती हे काही त्यांना ओळखता येईना. म्हणून त्यांनी सगळा द्रोणागिरीच उचलला, आणि आकाशातून जाताना त्याचा एक तुकडा येथे पडला. असा तुकडा आपल्याच गावी पडला असे सांगणारी गावे महाराष्ट्रात पुष्कळ आहेत, तेव्हा आमचाच तुकडा खरा असा हट्ट मी धरणार नाही. मी भूगोल शिकवतो, आणि भूगोलाच्या माणसाने असला हट्ट धरूही नये.

ही कथा सांगण्याचे कारण एवढेच, की आम्हा शिक्षकांना ती जरा टोचते. मारुतीरायांच्या अंगात बळ होते, म्हणून मुळी ओळखता आली नाही तरी काम भागले. आमच्या अंगात ते बळ नाही. साठसत्तर मुलांचा वर्ग सबंध उचलून नेणे आम्हाला जमत नाही. आम्हाला त्यांतली मुळी ओळखावीच लागते, आणि ओळखल्यावर तिचे पुढे काय करायचे हेही ठाऊक असावे लागते. आजचे माझे बोलणे या दुसऱ्या गोष्टीविषयी आहे. गावाजवळच्या, साध्या महाविद्यालयात शिकणाऱ्या हुशार मुलामुलींना आज कोणती दारे उघडी आहेत, आणि ती असूनही मुले त्यांतून आत का जात नाहीत?

आमचा भाग आपल्यापैकी पुष्कळांना ऐकून माहीत असेल. १९७० पासून नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल आणि उरण या तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनी घेण्याचे ठरले. भातशेती गेली, मिठागरे गेली. जानेवारी १९८४ मध्ये जासईला आणि नवघरच्या बाजूला शेतकऱ्यांवर गोळीबार झाला, त्यात पाच माणसे मेली. पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली, तिच्यामागे हे रक्त आहे. १९८९ च्या मे महिन्यात न्हावाशेव्याचे बंदर सुरू झाले. आज द्रोणागिरी हे डोंगराबरोबर सिडकोच्या एका उपनगराचेही नाव आहे, आणि जानेवारी २०२४ मध्ये उरणच्या रेल्वेमार्गावरच्या एका स्टेशनालाही तेच नाव मिळाले. ज्याच्या घरची जमीन गेली त्याच्याजवळ पोराला द्यायला उरले काय? शिक्षण. पूर्वी मुलगा नापास झाला तर बाप म्हणायचा, “चल शेतावर.” आता शेतावर चल म्हणायलाही शेत नाही. शिक्षणाचा प्रश्न आमच्याकडे असा अगदी दाराशी येऊन उभा आहे.

मग मुले कोठे जातात? बंदराच्या आसपास कंटेनरची यार्डे आहेत, तेथे लागतात. “यार्डात लागला” हा आमच्याकडचा रोजचा शब्दप्रयोग आहे. कोणी गाडीवर, कोणी गेटवर, कोणी माल तपासायला. त्या कामाला मी कमी लेखत नाही. महिन्याच्या महिन्याला पगार घरी येतो, आणि पगार ही काय चीज आहे हे ज्याच्या घरी तो येत नाही त्याला विचारावे.

काही वर्षांपूर्वी आमच्या महाविद्यालयात असाच एक मुलगा होता. महाविद्यालयाचे नाव सांगत नाही. आकाशवाणीवर जाहिरात करू नये. मुलगा बी. एस्सी.चा, म्हणजे माझा विद्यार्थी नव्हे. पण राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात माझ्याबरोबर असायचा. शिबिरात आम्ही ओढ्यावर एक छोटा बंधारा घालत होतो. किती दगड लागतील याचा अंदाज आम्ही मोठी माणसे डोळ्यांनी घेत होतो, आणि या पोराने काठीने आणि दोरीने माप घेऊन पाच मिनिटांत आकडा काढला. तो बरोबर निघाला. त्याच वर्षी शिक्षकांच्या खोलीत एक परिपत्रक आले होते. देशातल्या तीन विज्ञान अकादमी मिळून दरवर्षी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना उन्हाळ्यात दोन महिने एखाद्या शास्त्रज्ञाच्या हाताखाली काम करायची संधी देतात. विद्यावेतन देतात, रेल्वेचे भाडेही देतात. मी ते परिपत्रक वाचले. हे या पोरासाठी आहे, असे मनात आलेसुद्धा. पण माझा विषय नव्हे, विज्ञानाचे लोक पाहून घेतील, असे म्हणून मी ते परत टाचणीला लावून ठेवले. विज्ञानाच्या लोकांनी काय विचार केला असेल ते त्यांनाच माहीत. अर्जाची मुदत गेली. पुढे तिसऱ्या वर्षी मुलगा यार्डात लागला.

मध्यंतरी तो मला चहाच्या टपरीवर भेटला. जहाजावर कंटेनर रचताना कोणते जड खाली घालायचे, कोणत्या बंदरात कोणता आधी उतरणार, त्यामुळे कोणता वर ठेवायचा, आणि हे चुकले तर जहाजाचा तोल कसा जातो, हे त्याने मला चहाच्या कपाने आणि बिस्किटाच्या पुड्याने समजावून सांगितले. इतके चांगले शिकवलेले मी फार दिवसांत ऐकले नव्हते. त्याची काही तक्रार नाही. तक्रार आहे ती माझी, आणि ती माझ्याविषयीच आहे.

आता ‘ऑनर्स’ या शब्दाविषयी. जुन्या पिढीतल्या श्रोत्यांना दारावरची पाटी आठवत असेल: ‘बी. ए., ऑनर्स’. त्या काळी तो विशेष मान होता. आजचा अर्थ थोडा निराळा आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने पदवीचा अभ्यासक्रम चार वर्षांपर्यंत नेला आणि मध्ये उतरायला थांबे ठेवले. पहिल्या वर्षानंतर बाहेर पडले तर प्रमाणपत्र, दुसऱ्यानंतर पदविका, तिसऱ्यानंतर पदवी आणि चौथ्यानंतर ऑनर्स पदवी. एस.टी.च्या थांब्यासारखे समजा. ज्याला जेथे उतरायचे तेथे उतरावे, आणि ठरलेल्या मुदतीत परत चढावे. प्रत्येक विषयाला तासांच्या हिशेबाने श्रेयांक मिळतात, ते विद्यार्थ्याच्या नावे एका पेढीत जमा होतात, आणि महाविद्यालय बदलले तरी बरोबर नेता येतात. शिवाय पहिल्या तीन वर्षांत ७५ टक्के किंवा त्याहून अधिक गुण असतील तर चौथे वर्ष ‘संशोधनासह ऑनर्स’ असे करता येते. त्यात विद्यार्थ्याने स्वतः एक प्रबंधिका लिहायची असते.

मुंबई विद्यापीठाच्या संलग्न महाविद्यालयांत हा अभ्यासक्रम जून २०२४ पासून सुरू झाला. म्हणजे आमच्या भागातल्या पहिल्या तुकडीपुढे २०२७ च्या उन्हाळ्यात हा प्रश्न येतो: उतरायचे, की चौथ्या वर्षाला बसायचे? शहरातल्या घरात याची चर्चा जेवणाच्या टेबलावर होत असेल. आमच्याकडे ती व्हायची ती ओटीवर होते, आणि पुष्कळदा मुलगी घरात असते, ओटीवर नसते.

परदेशातला एक दाखला द्यावासा वाटतो. अमेरिकेत इलिनॉय राज्यात जोलिएट नावाचे एक गाव आहे. तेथे १९०१ साली हायस्कुलाला जोडून महाविद्यालयाची पहिली दोन वर्षे शिकवायला सुरुवात झाली. विद्यार्थी किती? सहा. घर सोडून लांब जाणे ज्यांना परवडत नाही त्यांनी दोन वर्षे गावात शिकावे आणि मग विद्यापीठात जावे, इतकी साधी कल्पना. तिच्यातून पुढे देशभर ‘कम्युनिटी कॉलेजे’ उभी राहिली. अशा महाविद्यालयात जाणारा तो सामान्यच, असे तेथेही लोक म्हणत असत. त्यावर त्यांनी तोड काढली ती लक्षात घेण्यासारखी आहे. पुष्कळ ठिकाणी त्यांनी हुशार मुलांसाठी ऑनर्सचे निराळे वर्ग काढले. तुकडी लहान, पाठ करण्यापेक्षा लिहिण्यावर आणि वाद घालण्यावर भर, प्राध्यापकाच्या हाताखाली एखादे स्वतंत्र काम, आणि पुढे कोणत्या विद्यापीठात प्रवेश मिळेल याची बोलणी आधीच झालेली. हुशार मुलगा गावच्या महाविद्यालयात राहिला म्हणून मागे पडू नये, ही जबाबदारी संस्थेने आपल्या अंगावर घेतली.

आपल्याकडे ही कल्पना परकी आहे असे मात्र समजू नका. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ साली साताऱ्यात बोर्डिंग सुरू केले, आणि १९४७ साली तेथेच छत्रपती शिवाजी कॉलेज उघडले. त्यांची ‘कमवा व शिका’ योजना म्हणजे गरीब घरच्या हुशार मुलाला हाताने काम करून शिकता यावे याची सोय. या संस्थेची महाविद्यालये आज पनवेलला आहेत, उरण तालुक्यात फुंड्याला आहेत. मुलाला शाळेकडे बोलवायचे नाही, शाळाच मुलाकडे न्यायची, हे कर्मवीरांनी केले. शाळा दाराशी आली. आता त्या शाळेतल्या सर्वांत तल्लख पोराला पुढे कोठपर्यंत नेता येते, हा आमच्या पिढीचा प्रश्न आहे.

चिंतामणराव देशमुखांचे उदाहरण आपल्याच जिल्ह्यातले. महाडजवळच्या नाते गावी १८९६ साली जन्म, बालपण रोह्याच्या बाजूला. १९१२ च्या मॅट्रिक परीक्षेत ते पहिले आले आणि संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांनी मिळवली. पुढे केंब्रिज, आय. सी. एस.ला पहिला क्रमांक, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, देशाचे अर्थमंत्री. संयुक्त महाराष्ट्राच्या प्रश्नावर १९५६ साली त्यांनी मंत्रिपद सोडले, आणि त्यानंतर ते विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले. शाळेत हे आम्ही अभिमानाने सांगतो. पण एक गोष्ट सांगायची राहते. या मुलाला मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलात जावे लागले. त्या काळी कुलाबा जिल्ह्यातल्या हुशार मुलाला दुसरा रस्ता नव्हता. ज्याला मुंबईला पाठवायची ऐपत नव्हती त्याचे काय झाले, हे कोणत्याही चरित्रात लिहिलेले नसते.

आज रस्ते आहेत, आणि ते आमच्या घराजवळून जातात. उरणची गाडी पकडून नेरूळला किंवा बेलापूरला यावे, तेथे बदलून वाशीचा पूल ओलांडला की मानखुर्द. मानखुर्दला टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. या केंद्राने २००४ पासून पदवीच्या विज्ञान विद्यार्थ्यांसाठी एक राष्ट्रीय उपक्रम चालवला आहे. त्यात निवडलेल्या मुलांची शिबिरे होतात आणि पुढे त्यांतल्या काहींना संशोधनाचे छोटे काम मिळते. तेथे महाविद्यालयाचे नाव मोठे आहे की लहान हे पाहत नाहीत. मुलाला प्रश्न पडतो की नाही हे पाहतात. आमच्या वर्गांतून किती मुलांनी याचे नाव ऐकले आहे? मी वर्गात हात वर करायला सांगितले होते. मोजायला एक हात पुरला, माझा.

पनवेलला, कळंबोलीच्या रस्त्याला, भारतीय भूचुंबकत्व संस्था आहे. ती तेथे कशी आली हे ऐकण्यासारखे आहे. पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी पूर्वी मुंबईला कुलाब्याच्या वेधशाळेत होत असे. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार असे ठरले, आणि त्या विजेने मोजणी बिघडणार हे उघड होते. तेव्हा वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई मूस यांनी अलिबाग निवडले, आणि १९०४ पासून तेथे मोजणी सुरू झाली. इमारतीला दगड आणला तो पोरबंदरचा, कारण आपल्या काळ्या दगडात चुंबकत्व असते. दोन वर्षे दोन्हीकडे एकाच वेळी मोजणी केली, म्हणजे जुन्या आणि नव्या आकड्यांचा सांधा तुटू नये. अशी दीर्घ, अखंड नोंद जगात थोड्याच ठिकाणी आहे. आमची मुले सहलीला अलिबागला जातात, घोडागाडीत बसतात, शहाळे पितात आणि त्या वेधशाळेच्या कुंपणावरून पुढे जातात. राष्ट्रीय विज्ञान दिन २८ फेब्रुवारीला असतो. त्या सुमारास पुष्कळ संशोधनसंस्था विद्यार्थ्यांना आत येऊ देतात. शिक्षकाने एक पत्र आधी टाकायला हवे, इतकेच.

हे सारे झाले विज्ञानाचे. कलाशाखेच्या मुलांसाठी अशी तयार दारे थोडी आहेत हे मान्य केले पाहिजे. त्यातल्या त्यात चांगले दार म्हणजे ‘आविष्कार’. राज्यपालांच्या कार्यालयाच्या पुढाकाराने २००६ साली सुरू झालेली ही विद्यापीठांतली संशोधनस्पर्धा. हिच्यात भाषा आणि मानव्यविद्या यांनाही जागा आहे, वाणिज्याला आहे, शेतीला आहे. आधी विभागाची फेरी, मग विद्यापीठाची, मग राज्याची. बक्षीस किती याला महत्त्व नाही. आपण केलेल्या कामावर अनोळखी माणसाने प्रश्न विचारला आणि आपण त्याला उत्तर दिले, हा अनुभव खेड्यातल्या मुलाला दुसरीकडे मिळत नाही.

आता ती मुलगी. तिचे नाव सांगत नाही. वडील पूर्वी शेती करीत, आता मिळेल ते काम करतात. काका होडीवर असतात. मुलगी भूगोलाची, २०२४ च्या त्या पहिल्या तुकडीतली. वर्गात गप्प बसणारी. एकदा मी खारभूमीचा धडा शिकवत होतो. खाडीकाठी मातीचा बांध घालून भरतीचे पाणी अडवायचे, पावसाच्या पाण्याने जमिनीतला खार धुऊन काढायचा आणि तेथे भात घ्यायचे, ही आपल्या पूर्वजांची विद्या. बांधाला पाणी बाहेर सोडायला दारे असतात. पुस्तकात लिहिले होते ‘स्लुइस गेट’, मीही तेच म्हणालो. मागच्या बाकावरून आवाज आला, “सर, आमच्याकडे त्याला उघाडी म्हणतात.” मी विचारले, ती चालते कशी माहीत आहे? तिने उभे राहून सांगितले. भरतीचे पाणी बाहेरून दार दाबून धरते, म्हणून खारे पाणी आत येत नाही. ओहोटी लागली की बाहेरचा दाब कमी होतो आणि आत साठलेले गोडे पाणी दार ढकलून निघून जाते. माणूस लागत नाही, इंजिन लागत नाही. सगळ्या वर्गाला समजले. मी पंधरा वर्षे हा धडा शिकवतो आहे, पण उघाडीजवळ उभा राहून एक भरतीओहोटी मी कधी पाहिली नव्हती.

तिला मी म्हटले, यावरच काम कर. गावाजवळच्या एका जुन्या उघाडीचे दार कुजले आहे, बांधाला खांड पडली आहे. कोणत्या शेतात खार कोठवर चढला, हे तिने मोजायचे ठरवले. मापायचे यंत्र आमच्या विभागात नाही; रसायनशास्त्राच्या लोकांनी दिले, आधी जरा कुरकुरून. शेतांची नावे सातबाऱ्यावर नसतात, ती आजोबांना पाठ होती; त्यांनी सांगितली आणि तिने नकाशावर लिहिली. पनवेलला दापोलीच्या कृषी विद्यापीठाचे खारभूमी संशोधन केंद्र आहे. ‘पनवेल १’, ‘पनवेल २’, ‘पनवेल ३’ या खाऱ्या जमिनीत तग धरणाऱ्या भाताच्या जाती तेथल्याच. एक दिवस मी तिला आणि तिच्या दोन मैत्रिणींना घेऊन तेथे गेलो. तेथल्या माणसांनी दोन तास दिले. परत येताना ती म्हणाली, “सर, हे आमच्या एवढ्या जवळ आहे?” आपल्या भागातल्या मुलामुलींच्या तोंडून हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकला आहे की आता तो ऐकला की मला लाज वाटते.

आविष्कारच्या विभागीय फेरीत तिला बक्षीस मिळाले नाही. परीक्षकांनी उघाडी म्हणजे काय एवढे मात्र विचारले, आणि तिने दहा मिनिटे सांगितले.

त्यानंतर तिचे वडील महाविद्यालयात आले. “सर, पोरीला आजून कवरा शिकवाचा?” असा त्यांचा सरळ प्रश्न. त्यांनी ऐकले होते की पदवी आता चार वर्षांची झाली, म्हणजे एक वर्ष जास्तीचे. मी कागद घेतला आणि हिशेब मांडला, तोच आपल्यालाही सांगतो, कारण या बाबतीत घरोघर गैरसमज आहे. तीन वर्षांनी पदवी मिळतेच; ती कोणी काढून घेतलेली नाही. तीन वर्षांनंतर एम. ए. करायचे तर दोन वर्षे लागतात, म्हणजे एकूण पाच. चार वर्षे करून ऑनर्स घेतले तर एम. ए. एका वर्षात होते, म्हणजे तेही पाचच. पुढे शिकायचे असेल तर चौथे वर्ष फुकट जात नाही. आणि चार वर्षांच्या पदवीला ७५ टक्के गुण असतील तर ‘नेट’ परीक्षेला बसता येते, पीएच. डी.साठीही अर्ज करता येतो. नोकरीच करायची असेल, घरची गरज असेल, तर तीन वर्षांवर थांबावे, त्यात कमीपणा नाही. पण माहिती नव्हती म्हणून थांबावे लागले, असे होऊ नये.

शाळेतले शिक्षक बंधुभगिनी ऐकत असतील, त्यांना एक सांगायचे आहे. तुम्ही आठवीत मुलाला राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बसवता. त्यात निवड झालेल्याला नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. किती जिव्हाळ्याने तुम्ही त्या मुलांची तयारी करून घेता हे मी पाहिले आहे. सुट्टीच्या दिवशी व्हरांड्यात बसून घेता. बारावी झाली की हा धागा तुटतो. तुम्ही ओळखलेले मूल आमच्याकडे येते तेव्हा आमच्या दृष्टीने तो एक हजेरीक्रमांक असतो. तेव्हा असे करा: जूनमध्ये ज्या महाविद्यालयात ते मूल जाईल तेथल्या एखाद्या ओळखीच्या प्राध्यापकाला दोन ओळींची चिठ्ठी द्या. या मुलाचे गणित चांगले आहे, या मुलीला झाडांची नावे येतात, एवढे पुरे. आम्हाला तीन वर्षांत जे कळत नाही ते तुम्हाला ठाऊक असते.

आणि आम्हा प्राध्यापकांचे काय? खरी अडचण आमच्याकडेच आहे. संशोधनासह ऑनर्सचे वर्ष चालवायचे तर विभागात मार्गदर्शनाची मान्यता असलेले कायम प्राध्यापक हवेत, ग्रंथालय हवे, प्रयोगशाळा हवी. गावाकडच्या किती महाविद्यालयांत एकेका विषयाला असे दोन कायम प्राध्यापक आहेत? पुष्कळ जागा तासिका तत्त्वावर चालतात. तरुण माणसे तासावर पैसे घेऊन शिकवतात आणि सुटीत काय करायचे या विवंचनेत असतात. त्यांच्याकडून प्रबंधिकेच्या मार्गदर्शनाची अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची? मग चौथे वर्ष राहील ते मोठ्या शहरातल्या महाविद्यालयांत, आणि १९१२ साली चिंतामणरावांना जे करावे लागले तेच २०२७ साली आमच्या मुलीला करावे लागेल. फरक इतकाच की आता गाडी आहे. दोनतीन महाविद्यालयांनी मिळून एकेक विषय वाटून घ्यावा, एकाने भूगोल, दुसऱ्याने रसायन, तिसऱ्याने मराठी, आणि मुलांनी श्रेयांक बरोबर घेऊन तेथे जावे, असे मी आमच्या बैठकीत सुचवले आहे. सूचना इतिवृत्तात नोंदली गेली. त्यापुढे काय झाले ते सांगण्यासारखे अजून नाही.

त्या दिवशी माझा हिशेबाचा कागद वडिलांनी घडी करून खिशात घातला. उठताना त्यांनी विचारले, “चौथा वरीस हितंच व्हनार काय?” मी म्हटले, ते आम्हाला अजून ठरवायचे आहे. ते काही बोलले नाहीत. दाराशी गेल्यावर परत वळले आणि म्हणाले, शनिवारी मोठी भरती आहे, पोरगी त्या उघाडीवर पाणी मोजायला जाणार म्हणते, तिथला चिखल खोल आहे, मी तिच्याबरोबर जाईन.